तासाला दोनशे

ओमाण्णानं करवत बाकावर आदळली.
"वैनी, मेलं की वो तुमचं मशीन."
मेलं नव्हतं. ओव्हर झालं होतं.
सायलेन्सरपाशी नाक नेलं मी:
कच्चं पेट्रोल, उन्हात तापलेलं रबर.
"किती वेळा ओढलास दोरी?"
"मोजतंय कोण?"
मोजणी बोटांवरच होती, दोन पेरं सोललेली.

जांबोटी फाट्यावर आमचं दुकान,
बोर्डावर कानडी मोठी, मराठी तिच्या पायाशी.
आत खिळ्यांना टांगलेल्या चार करवती,
त्यांना दोन्हीतलं काही कळत नाही.
ओमाण्णा दोन्हीतून शिव्या देऊन आला होता.

"चोक ओढलेलाच ठेवलास?"
"चालू हुईना म्हणून ओढला."
"आणि तरी हुईना?"
"म्हणून परत ओढला."
सगळे असंच करतात.
इंजिन एकदाच खोकतं, फट्,
तेवढ्यात चोक मागे सारायचा असतो.
ते खोकणं ऐकायला
आधी आपण गप्प असावं लागतं.

प्लग खोलला. काळा, निथळता.
करवत उपडी धरली, स्विच बंद,
सहा वेळा ओढली सावकाश,
भोकातून फवारा उडाला फरशीवर
आणि बघता बघता उडूनही गेला.
प्लग पुसून पत्र्यावर ठेवला, उन्हात.
"काडी ओढून वाळवू?"
"ओढ. तू, मी आणि दुकान, तिघंही वाळू."
"मग आता काय करायचं?"
"काय नाही. बस."

बसणं त्याला जमत नव्हतं.
"कुठलं झाड?" मी विचारलं, फिल्टर झटकत.
"बांधावरचा फणस."
बांध मला ठाऊक होता. पलीकडं मष्णू,
याचाच धाकटा. दोन वर्षं
एकाच नळावर पाठमोरे उभे राहतात दोघं.
"सावली पडती म्हणं शेतात."
"कुणाच्या?"
"सकाळी त्याच्या." थांबला.
"संध्याकाळी माझ्या."
मग प्लगकडं बघत बसला,
जणू तोच काहीतरी बोलणार होता.

फिल्टरवर भुशाचा थर, पुरणाएवढा दाट.
श्वास कमी, पेट्रोल जादा.
पण एवढ्यानं इतकं भिजत नाही कधी.
कार्बोरेटर उघडला. सुई काढली.
सुईच्या बुडाशी, नीट बघितलं तर,
एक कणी. तीळ मोठा तिच्यापुढं.
सुई टेकायची नाही, आणि पेट्रोल येतच राहायचं,
थांबवणारंच कोणी नाही.
नखावर घेऊन दाखवली.
"एवढ्यानं?"
मी फुंकर मारली. कणी कुठं गेली
तीच जाणे.

प्लग लावला. चोक नाही. रेस पूर्ण दाबून
एक. दोन. तिसऱ्याला पांढरा धूर,
आणि अशी बोंब, की बाकाखालचं कुत्रं
रस्ता ओलांडून पलीकडच्या चहावाल्याकडं गेलं.
रेस सोडली. इंजिन मंद चालत राहिलं,
थरथरत, पण राहिलं.
"बारा वाजता घेतलास, लिहून ठेवलंय," मी ओरडले.

आमच्या दुकानातून दोन टेकड्यांपलीकडचं ऐकू येतं.
फांदी कापताना आवाज बारीक असतो, तुटक,
खोडात पातं शिरलं की तो जाड होतो,
गळ्यातून नाही, पोटातून येतो.
मी साखळ्यांना कानस लावत ऐकत होते.
बारीक. परत बारीक. मग बंद.
वाटलं, परत भिजवला बहुतेक.
पुन्हा सुरू झाला. बारीकच.
जाडाची वाट बघत माझी एक साखळी
गरजेपेक्षा जास्त धारदार झाली.

साडेबाराला ओमाण्णा हजर.
करवत पुसलेली, टाकी भरलेली,
काखेत फणस.
झाडाबद्दल तो बोलला नाही, मी विचारलं नाही.
शंभर घेतले.

फणस बरका निघाला.